पाऊल धरणारें पायडल

'क्लिपलेस पायडल' हें नांव प्रथम ऐकणाराची हटकून फसगत होते. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलें. आणि हें पायडल तर बुटाला असें पकडतें कीं, युक्ति ठाऊक नसणाऱ्यास पाऊल सोडवितां येऊं नये. या नांवाचा उलगडा व्हावयाचा तर थोडें मागें गेलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शर्यतीचे सायकलस्वार पायडलाच्या पुढच्या अंगास पोलादी पट्ट्यांची एक लहानशी पिंजरी बसवीत. तिचें नांव टो-क्लिप. तींत चवडा सारावयाचा आणि वरून चामड्याचा पट्टा आवळावयाचा, अशी ती रीत होती. ही पिंजरी ज्या पायडलांतून गेली तें क्लिपलेस. पिंजरी गेली, पकड राहिली, आणि नांव मात्र जें गेलें त्याचें पडलें.

पट्ट्याची रीत साधी व स्वस्त होती आणि ती जवळजवळ नव्वद वर्षें टिकली. तिच्यांत मोठा दोष एकच होता. पट्टा आवळल्यावर पाऊल बाहेर काढावयाचें तर एक हात हँडलावरून काढून, खालीं वाकून, बकल ढिलें करावें लागे. शर्यतीच्या शेवटच्या झपाट्यांत पट्टे करकचून आवळलेले असत आणि अपघात बहुधा तेथेंच होत. इटलींतील चिनो चिनेल्ली हा स्वतः नामांकित शर्यतपटु; १९४३ सालची मिलान–सान रेमो ही शर्यत त्यानें जिंकलेली. त्याच्या कारखान्यानें १९७० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत 'एम-७१' नांवाचें पायडल काढलें. त्यांत पट्टा नव्हता. बुटाच्या तळाशीं बसविलेला तुकडा पायडलाच्या खांचेंत सरके आणि एक खटका त्यास धरून ठेवी. पण तो खटका सोडवावयाचा हातानेंच! सायकलस्वारांनीं त्या पायडलास 'मृत्यूचें पायडल' असें टोपणनांव दिलें, यांत नवल नाहीं.

कोडें सुटलें तें बर्फावर. फ्रान्समधील नव्हेर शहरची 'लूक' ही कंपनी स्कीच्या बंधनांबद्दल प्रसिद्ध होती. बर्फावरून घसरत जाण्याच्या ज्या लांब फळ्या, त्या पायाशीं जखडणारीं हीं बंधनें. त्यांत खरी विद्या सोडण्याची आहे. कारण पडतांना पाय पिळवटला आणि बंधन आपोआप सुटलें नाहीं तर हाड मोडावयाचें. लूकच्या ज्याँ बेइल यानें हीच कल्पना सायकलीवर आणली आणि १९८४ सालीं कंपनीचें पायडल बाजारांत आलें. चवडा पुढें सारून खालीं दाबावा, खट् असा आवाज होऊन बूट धरला जातो. टांच बाहेरच्या अंगास फिरवावी, बूट सुटतो. आणि हें सारें होईपर्यंत दोन्ही हात हँडलावरच असतात. त्या वेळीं लूकचा मालक उद्योगपति बर्नार तापी हा होता आणि 'ला व्ही क्लेर' हा सायकलपटूंचा संघही त्याचाच. त्या संघांतील बर्नार इनो यानें १९८५ सालची फ्रान्सची टूर या पायडलांवर जिंकली. पुढील कांहीं वर्षांत चामड्याचे पट्टे मोठ्या शर्यतींतून नाहींसे झाले.

हा इतिहास सांगावयाचा तो एवढ्यासाठीं कीं, आजही दुकानांत उभें राहिलेलें गिऱ्हाईक नेमका उलटा प्रश्न विचारतें. 'यांत पाय किती घट्ट बसतो?' हा त्याचा पहिला सवाल. घट्ट धरण्याचें काम चिनेल्लीच्या पायडलानेंही चोख केलें होतें. पायडलाची पारख करावयाची ती दोन गोष्टींवरून: तें पाऊल कसें सोडतें, आणि धरून ठेवलेलें असतां त्यास कितपत हलूं देतें. वेग, वजन व किंमत या गोष्टी मागाहून.

वेगाविषयीं तर एक भ्रम फारच रुजलेला आहे. पाऊल पायडलास जोडलें म्हणजे तें खालीं दाबतांना जशी शक्ति लागते तशी वर ओढतांनाही लावतां येते आणि सायकल दुप्पट जोरानें धांवते, असें पुष्कळांस वाटतें. कॉर्फ आणि त्याचे सहकारी यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सायकलपटूंस मुद्दाम पाय वर ओढावयास सांगितलें होतें. पायडलावर बल अधिक नेटकेपणानें लागलें हें खरें, परंतु तेवढ्याच कामासाठीं शरीराचा खर्च मात्र वाढला. मांडीचे मोठे स्नायु खालीं रेटण्यासाठींच घडलेले आहेत. त्यांना सोडून दुबळ्या स्नायूंकडून काम घेणें महागच पडावयाचें. मग या पायडलाचा लाभ तो कोणता? पाऊल प्रत्येक वेळीं त्याच जागीं पडतें. मिनिटास शंभर फेऱ्या चालल्या असतां तें निसटत नाहीं. खड्ड्यांत चाक आपटलें तरी उडत नाहीं. चढावर सीट सोडून उभें राहिलें तरी पायाखालीं भरंवशाचा आधार असतो. पावसांत भिजलेल्या साध्या पायडलावरून बूट सटकून पोटरी सोलून निघाली आहे, असा सायकलस्वार या लाभास कमी लेखणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळावें. बाजारांत नांवें अनेक दिसलीं तरी घराणीं मुख्यतः दोनच आहेत, आणि त्यांचा भेद पायडलापेक्षां बुटाच्या तळाशीं अधिक स्पष्ट दिसतो. बुटाखालीं स्क्रूंनीं जो तुकडा बसवितात त्यास क्लीट म्हणतात. पहिल्या घराण्यांत क्लीट मोठी, त्रिकोणी, प्लास्टिकची असून ती तीन स्क्रूंनीं बसते. लूकची 'केओ' आणि जपानच्या शिमानोची 'एसपीडी-एसएल' हीं या घराण्यांतील ठळक नांवें. दुसऱ्या घराण्यांत क्लीट लहान, धातूची, दोन स्क्रूंची असते आणि ती बुटाच्या तळांतील खोबणींत दडलेली असते. शिमानोनें हें 'एसपीडी' पायडल १९९० सालीं डोंगरी सायकलींसाठीं काढलें. चिखलांत उतरून सायकल खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांची सोय पाहून.

रोड-बाइक घेणाऱ्यास दुकानदार बहुधा पहिलें घराणें सुचवितो आणि शर्यतीच्या दृष्टीनें तें बरोबरही आहे. मोठ्या क्लीटमुळें पायडलाचा दाब तळव्याच्या रुंद भागावर पसरतो व बूट डुगडुगत नाहीं. पण त्या बुटांनीं चालणें ही एक स्वतंत्र कसरत आहे. टांच खालीं, चवडा वर, अशी बदकाची चाल. गुळगुळीत फरशीवर तर घसरण्याची भीति. आणि प्रत्येक पावलागणिक प्लास्टिक झिजतें तें निराळेंच. क्लीटवर चढवावयाचीं रबरी आवरणें मिळतात, तीं खिशांत ठेवणें शहाणपणाचें.

महाराष्ट्रांत लांब पल्ल्याची सायकल आतां चांगलीच रुजली आहे. २०१५ सालीं नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं जोडीनें 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली. 'ब्रेव्हे' नांवाच्या सफरींतही पुष्कळ लोक भाग घेतात. ही स्पर्धा नव्हे. २०० किलोमीटरांचें अंतर साडेतेरा तासांच्या आंत तोडावयाचें, ठरलेल्या ठिकाणीं थांबून नोंद करावयाची, आणि वाटेंत खाणें, पिणें, पंक्चर हें सारें आपलें आपण निभावून न्यावयाचें. असा सायकलस्वार दिवसांतून दहा वेळां उतरतो. टपरीवर चहा घेतो, पेट्रोलपंपाच्या ओल्या फरशीवरून पाण्यासाठीं जातो, आणि घाटांत दम संपला तर खुशाल चालतो. त्यानें दोन स्क्रूंची क्लीट घेतली तर त्यांत कसलाही कमीपणा नाहीं. शिवाय या पायडलांपैकीं पुष्कळांस दोन्ही बाजूंनीं पाऊल अडकवितां येतें, तर शर्यतीच्या पायडलास बहुधा एकच बाजू. तें मागच्या अंगास जड असल्यामुळें तोंड वर करून लोंबतें आणि चवड्यानें टोचून सरळ करावें लागतें. सिग्नल सुटल्यावर मागून रिक्षांचे भोंगे वाजूं लागले म्हणजे ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक राहत नाहीं. केवळ शहरांत फिरणाऱ्यासाठीं एक बाजू सपाट व एक बाजू अडकणारी, असेंही पायडल मिळतें. हौशी शर्यतपटु त्याकडे पाहून नाक मुरडतात, पण वस्तु उपयोगाची आहे.

आतां मोकळिकीची गोष्ट. येथें घाई करून चालणार नाहीं, कारण येथें प्रश्न गुडघ्याचा आहे. मिनिटास ऐंशी फेऱ्या धरल्या तर दहा तासांच्या सफरींत प्रत्येक गुडघा अठ्ठेचाळीस हजार वेळां वांकतो आणि सरळ होतो. वर खुबा सीटमुळें जागच्या जागीं, खालीं पाऊल पायडलांत पकडलेलें; मध्यें सापडलेला गुडघा बिजागरीसारखा एकाच दिशेनें वळणारा. पाऊल स्वाभाविक वळणापेक्षां थोडें जरी वांकडें जखडलें गेलें, तरी तो पीळ दर फेरीस गुडघ्यानें सोसावयाचा. साध्या पायडलावर पाऊल नकळत आपली जागा शोधून घेतें. अडकणाऱ्या पायडलानें ही मुभा काढून घेतली, आणि म्हणून ती हिशेबानें परत द्यावी लागली. आरंभींच्या लूक पायडलांत पाऊल जवळजवळ एका रेषेंत जखडलेलें असे. तेंच पायडल घडविणारा बेइल पुढें १९८७ सालीं निघालेल्या 'टाइम' या कंपनींत गेला आणि तेथील पायडलांत टांचेस दोन्ही अंगांस थोडें फिरतां येईल अशी योजना त्यानें केली. अडकलेल्या अवस्थेंत, न सुटतां, टांचेस मिळणाऱ्या या हालचालीस 'फ्लोट' म्हणतात आणि ती अंशांत मोजतात.

क्लीटच्या रंगावरून ही मोकळीक ओळखतां येते. पण या रंगांतच एक सांपळा आहे. शिमानोच्या एसपीडी-एसएल मालिकेंत पिवळी क्लीट सहा अंश मोकळीक देते, निळी दोन अंश, आणि तांबडी मुळींच देत नाहीं. लूकच्या केओ मालिकेंत मात्र काळी क्लीट जखडलेली, करडी साडेचार अंशांची, आणि तांबडी सर्वांत मोकळी, नऊ अंशांची! म्हणजे तोच तांबडा रंग एका घरीं कोठडी आणि दुसऱ्या घरीं अंगण. मित्राच्या सांगण्यावरून 'तांबडी घे' म्हणून घेतलेली क्लीट कोणत्या कंपनीची, हें पाहिल्याखेरीज तिचा गुण कळत नाहीं. त्यांतही या दोन कंपन्यांच्या क्लीट दिसण्यांत सारख्या असल्या तरी एकमेकींच्या पायडलांत चालत नाहींत. लूकची जुनी 'डेल्टा' क्लीट तर त्याच कंपनीच्या केओ पायडलांतही बसत नाहीं.

नवशिक्यानें शिमानो घेतलें तर पिवळी आणि लूक घेतलें तर करडी किंवा तांबडी घ्यावी. मोकळीक जास्त म्हणजे शक्ति वायां जाते, असें सांगणारे भेटतात. तें ऐकून ज्याचा गुडघा अद्याप कुरकुरला नाहीं असा माणूस उत्साहानें जखडलेली क्लीट घेतो. ती घेण्याचा अधिकार त्याचा, ज्यानें आपलें पाऊल कोणत्या कोनांत ठेवावयाचें हें कित्येक महिन्यांच्या सरावानें किंवा जाणत्या माणसाकडून मोजून घेऊन निश्चित केलें आहे. बाकीच्यांनीं त्या वाटेस जाऊं नये. ज्यांचा गुडघा पूर्वींच दुखावलेला आहे त्यांच्यांत 'स्पीडप्ले' हें पायडल लोकप्रिय आहे. अमेरिकेंतील रिचर्ड ब्राइन यानें तें काढलें आणि २०१९ सालापासून ती कंपनी वाहू या कंपनीकडे आहे. त्याची तऱ्हाच उलटी: पायडल म्हणजे काडीवरच्या गोळीसारखी एक वाटोळी चकती, दोन्ही बाजूंनीं सारखी, आणि पकडणारी यंत्रणा सारी बुटाखालच्या क्लीटमध्यें. त्यांतील नेहमींच्या नमुन्यांत मोकळीक पंधरा अंशांपर्यंत मिळते आणि ती स्क्रूनें कमीजास्त करतां येते. मात्र यंत्रणा बुटाखालीं असल्यामुळें माती व चिखल तिला सोसत नाहीं, आणि किंमतही हलकी नाहीं.

क्लीट बसविण्याची जागा पायडलाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. अंगठ्याच्या मुळाशीं चवड्याचा जो उंचवटा लागतो, तो पायडलाच्या कण्याच्या बरोबर वर किंवा किंचित् पुढें यावा, अशी क्लीट बसवावी. कोन ठरविण्याची एक घरगुती युक्ति आहे. उंच टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत सोडून बसावें आणि पावलें आपोआप कोणत्या दिशेस वळतात तें पाहावें. कोणाचीं सरळ असतात, कोणाचीं बाहेरच्या अंगास झुकलेलीं, आणि कित्येकांचीं तर दोन पावलेंही एकसारखीं नसतात. मोकळिकीच्या मध्यावर पावलाचा हा स्वाभाविक कोन यावा. नव्या क्लीट बसविल्यावर लगेच लांबच्या सफरीस निघूं नये. पहिले कांहीं दिवस तासाभराची चक्कर पुरे, आणि खिशांत ऍलन-की असावी. गुडघ्याच्या आंतल्या किंवा बाहेरच्या बाजूस दुखूं लागलें तर प्रथम संशय क्लीटच्या कोनावर घ्यावा. पुढच्या बाजूस, वाटीपाशीं दुखलें तर सीट फार खालीं नाहीं ना, हें पाहावें. एकदोन आठवड्यांत दुखणें हटलें नाहीं तर मात्र प्रयोग थांबवून वैद्याकडे जाणें उचित.

सुटण्याविषयीं बोलावयाचें तर बहुतेक पायडलांत स्प्रिंगचा ताण कमीजास्त करण्याचा एक बारीक स्क्रू असतो. नवशिक्यानें तो दोन्ही पायडलांत अगदीं ढिला करून घ्यावा. दोन स्क्रूंच्या घराण्यांत शिमानोची 'एसएच-५६' ही क्लीट तर पाऊल एकाहून अधिक दिशांनीं सोडते. गोंधळून पाय वर ओढला तरी सुटका होते. नेहमींची 'एसएच-५१' टांच फिरविल्यासच सोडते. पहिले धडे रस्त्यावर गिरवूं नयेत. भिंतीस हात टेकून, सायकलीवर बसून, प्रत्येक पाऊल पन्नास वेळां अडकवावें व सोडवावें. मग मोकळ्या मैदानांत. एवढें करूनही एकदां तरी पडणें ठरलेलेंच आहे, आणि तें वेगांत नसून उभ्या उभ्या असतें. सायकलस्वार सिग्नलपाशीं थांबतो, जुन्या संवयीनें पाय सरळ खालीं टेकावयास जातो, पाय येत नाहीं, आणि तोडलेल्या झाडासारखा तो आडवा होतो. वेग शून्य, प्रेक्षक मात्र पुष्कळ.

या पडण्यांत हसण्यासारखें तेवढेंच नाहीं. भारतांत वाहतूक डाव्या हातानें चालते. म्हणजे डावीकडे पडलेला माणूस रस्त्याच्या कडेस पडतो आणि उजवीकडे पडलेला मागून येणाऱ्या बसच्या चाकापुढें. पाश्चात्त्य पुस्तकांतून व चित्रफितींतून शिकणारे पुष्कळदां उजवें पाऊल सोडवावयास शिकतात, कारण तेथील कित्येक देशांत रस्त्याची कड उजवीकडे असते. येथें तें जिवावर बेतेल. येथें सोडवावयाचें तें डावें पाऊल, आणि तें ब्रेक दाबण्यापूर्वीं. सायकल अजून चालत असतां टांच फिरवून पाऊल मोकळें करावें, देहाचा भार डावीकडे झुकवावा, मग थांबावें. हातापायांस ही क्रिया इतकी सवयीची व्हावी कीं, कुत्रें आडवें आलें तरी विचार करावा लागूं नये.

वजन व किंमत यांचें प्रकरण थोडक्यांत आटोपतें. एकाच कंपनीच्या साध्या व महागड्या पायडलांत फरक कांहीं दहा-वीस ग्रॅमांचा, फार तर शंभरांच्या आंतबाहेरचा. पाण्याच्या बाटलींतील दोन-चार घोटांइतका. पकडण्याची व सोडण्याची यंत्रणा बहुधा तीच असते. महाग पायडलांत बेअरिंग अधिक चांगलें व सांगाडा कार्बनचा. पैसे मोजकेच असतील तर साधें पायडल घेऊन उरलेले बुटांवर खर्चावे. पायडल हातांच्या पाण्यानें दहा वर्षें चालेल, पण चवडा आवळणारा बूट तिसाव्या किलोमीटरलाच बोटें बधिर करतो. बूट संध्याकाळीं घ्यावा, त्या वेळीं पाय थोडे फुगलेले असतात. पायडलांतच पायाची शक्ति मोजण्याचें यंत्र बसविलेले नमुनेही मिळतात. ज्याच्याजवळ त्या आंकड्यांचें काय करावयाचें याची योजना तयार आहे त्यानेंच ते घ्यावे.

बसवितांना एवढें ध्यानांत ठेवावें कीं, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. तें डावीकडे फिरवून आवळावयाचें आणि उजवीकडे फिरवून सोडावयाचें. हें न जाणतां जोर लावणाऱ्यांनीं क्रँकचे आटे खाऊन टाकल्याचीं उदाहरणें प्रत्येक सायकलवाल्यापाशीं आहेत. आट्यांस थोडें ग्रीस लावावें. क्लीट ही झिजण्याचीच वस्तु. ती पुढच्या टोकाशीं पातळ झाली कीं पाऊल आधीं डुगडुगूं लागतें, आणि पुढें चढावर सारा भार टाकलेला असतांना अवचित सुटतें. घाट चढतांना असें पाऊल सुटणें हें अडकून राहण्याइतकेंच वाईट. म्हणून तो दिवस येण्यापूर्वींच ती बदलावी. बदलतांना जुनी क्लीट काढण्याच्या आधीं तिच्या कडेनें बुटाच्या तळावर पेनानें रेघ ओढून ठेवावी. मोठ्या खटपटीनें साधलेला कोन त्या रेघेंत सांपडतो, आणि नवी क्लीट त्याच रेघेवर बसवून स्क्रू सारखे आवळले कीं गुडघ्यास बदल झाल्याचें कळतही नाहीं.